कुंडीतील जास्वंदीची पाने वळतात तेव्हा

गोमंतकात जास्वंदीचे झाड नाही असे घर विरळाच. देवपूजेला रोजचे ताजे फूल मिळावे, चतुर्थीच्या दिवसांत गणपतीला वाहण्यास तांबडी फुले घरचीच असावीत, ही त्यामागील मूळ प्रेरणा. पूर्वी हे झाड कुंपणाला किंवा विहिरीच्या कडेला जमिनीत लावलेले असे. त्याच्या एखाद्या फांदीची पाने आकसली तरी ती गोष्ट कोणाच्या ध्यानीही येत नसे, कारण बाकीच्या फांद्या फुलत राहत. पुढे अंगणे लहान झाली, पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को या शहरांत सदनिका उभ्या राहिल्या, आणि जास्वंद जमिनीतून कुंडीत आली. दहा-बारा इंचांच्या मातीत वाढणाऱ्या झाडाला चूक सोसण्याची शक्ती कमी असते. शिवाय ते रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याची वाकडी झालेली पाने घरच्या माणसांना अस्वस्थ करतात.

या अस्वस्थतेतूनच पुष्कळदा खरा अनर्थ घडतो. पाने वळलेली दिसताच पहिल्या दिवशी जास्त पाणी, दुसऱ्या दिवशी मूठभर खत आणि आठवड्याच्या आत कपाटातील कोणते तरी कीटकनाशक, अशा क्रमाने उपचार होतात. मूळ बिघाड किरकोळ असला तरी झाड या उपचारांनी मरते. पाने वळणे हा स्वतंत्र रोग नाही. माणसाच्या तापाप्रमाणे ते केवळ एक लक्षण आहे. पाण्याची टंचाई, पाण्याचा अतिरेक, पाच-सहा प्रकारच्या किडी, क्षारांचा साठा, तणनाशकाचा वारा आणि विषाणू या सर्वांचा शेवट पान वळण्यात होतो. पण त्यांवरील उपाय एकमेकांहून भिन्न, काही बाबतींत तर परस्परविरुद्ध आहेत. म्हणून बाटली उघडण्यापूर्वी पान उलटून पाहणे अगत्याचे ठरते.

पान कसे पाहावे

निरीक्षण सकाळी लवकर करावे. दुपारच्या उन्हात निरोगी जास्वंदीचीही पाने किंचित मिटल्यासारखी होतात. बाष्पीभवन कमी करण्याची ती झाडाची स्वाभाविक तऱ्हा होय. सायंकाळी पाने पूर्ववत झाली तर फारसे काळजीचे कारण नाही. सकाळीही ती वळलेलीच असतील तर पुढील तपासणी करावी. रंगीत, ठिपकेदार पानांच्या काही जातींची पाने जन्मतःच अरुंद व वेडीवाकडी असतात, हेही लक्षात ठेवावे. तशा झाडावर उपचार करण्याची गरज नसते.

प्रथम पाहावयाचे ते हे की, वळलेली पाने शेंड्याकडील कोवळी आहेत की खालची जुनी. केवळ शेंडे आकसले असतील तर संशय रस शोषणाऱ्या किडींवर किंवा विषाणूवर जातो. सबंध झाडाची, नवी-जुनी सर्व पाने एकाच वेळी मलूल होऊन वळली असतील तर दोष मुळांपाशी शोधावा. त्यानंतर वळण्याची दिशा पाहावी. पान कडांनी वर उचलून द्रोणासारखे झाले आहे, की उपड्या होडीसारखे खाली वाकले आहे, की मुळीच दिशा न धरता चुरगळलेल्या कागदासारखे झाले आहे? शेवटी पान उलटून खालची बाजू, विशेषतः शिरांच्या बेचक्या, दहापट मोठे दाखविणाऱ्या हातभिंगाने पाहाव्यात. घरी भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर शेंडा धरून बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात आणि कागदावर पडलेले कण हलतात का, ते मिनिटभर पाहावे. या साध्या कसोटीने कित्येक शंका तेथल्या तेथे मिटतात.

दोष पाण्याचा असेल तर

तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावी. माती कोरडी लागली आणि कुंडी उचलल्यास हलकी वाटली तर झाड तहानलेले आहे. येथे एक फसवणूक संभवते. नारळाच्या भुशाचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण एकदा पूर्ण सुकले की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. तळातून पाणी आले म्हणून माणूस समाधान पावतो आणि मुळे मात्र कोरडीच राहतात. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, बुडबुडे येणे थांबल्यावर काढावी आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे. दोन-तीन वर्षे कुंडी न बदललेल्या झाडाची मुळे आतल्या आत गुंडाळी होऊन माती जवळजवळ संपलेली असते. अशा झाडाला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घातले तरी पुरत नाही. त्याला दोन इंचांनी मोठी कुंडी द्यावी, आणि गुंडाळलेली बाहेरची मुळे धारदार सुरीने तीन-चार ठिकाणी उभी कापून मोकळी करावीत.

माती ओली आणि पाने तरीही मलूल, असे दृश्य दिसल्यास मात्र पाणी ताबडतोब थांबवावे. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीवर कोसळणारा पाऊस कुंडीचे भोक बुजलेले असल्यास मुळांना श्वास घेऊ देत नाही. मुळे कुजली की ती पाणी वर चढवू शकत नाहीत, म्हणून झाड पाण्यात उभे असूनही तहानलेल्यासारखे दिसते. ते पाहून आणखी पाणी घालणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक होय. झाड मातीसह बाहेर काढावे. निरोगी मुळे फिकट व टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी, लिबलिबीत होतात आणि त्यांना दुर्गंधी येते. कुजलेला भाग कापून टाकावा, फांद्याही त्या मानाने कमी कराव्यात आणि लाल माती, कुजलेले शेणखत व नदीची जाड वाळू यांच्या ताज्या मिश्रणात झाड पुन्हा लावावे. समुद्रकाठची वाळू तिच्यातील मिठामुळे वापरू नये. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाकून कुंडी दोन विटांवर ठेवली तर यातील पुष्कळसा त्रास मुळातच टळतो.

क्षारांचा त्रास थोडा वेगळा. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळतात, आणि कुंडीच्या काठावर किंवा मातीच्या पृष्ठावर पांढुरकी पुटे दिसतात. रासायनिक खताच्या वारंवार दिलेल्या मात्रा याला कारणीभूत असतात. कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट गोडे पाणी सावकाश ओतून निथळू द्यावे आणि दोन महिने खत देऊ नये. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्यानेही अशाच कडा करपतात. तेथे आठवड्यातून एकदा पाने धुणे एवढाच उपाय आहे. पाने वळली की मॅग्नेशियम सल्फेट घालण्याची जी प्रथा पडत आहे, तिला आधार नाही. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांच्या शिरांमधील पिवळेपणाने दिसते. केवळ वळलेल्या पानांवरून तिचे निदान करता येत नाही.

कीड असेल तर

कोवळे शेंडे खाली वळलेले, पानांवर चिकट चकाकी आणि फांदीवर मुंग्यांची रांग, असे आढळल्यास तो मावा. हिरवट, पिवळसर किंवा काळपट रंगाचे हे मऊ किडे पानांच्या मागे आणि कळ्यांच्या देठांवर दाटीने बसतात. त्यांच्या गोड स्रावावर पुढे काळी बुरशी वाढते व पाने काजळी धरल्यासारखी होतात. मुंग्या त्या स्रावासाठी येतात आणि त्याच्या मोबदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय माव्याचा बंदोबस्त टिकत नाही. कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवली, झाडाची फांदी भिंतीला टेकू दिली नाही, तर मुंग्यांची वाट बंद होते.

कडा प्रथम पिवळ्या, मग तांबूस होऊन वर वळल्या आणि पान हलविताच फिकट हिरवे बारीक किडे तिरके-तिरके पळाले, तर ते तुडतुडे. पानावर रुपेरी ओरखडे व काळे सूक्ष्म ठिपके आणि न उमलताच गळणाऱ्या कळ्या ही फुलकिड्यांची खूण. कोळी या दोहोंहून लहान. त्यातील लाल कोळी मार्च ते मे या कोरड्या दिवसांत, विशेषतः पाऊस व दव न पोहोचणाऱ्या छपराखालच्या सज्जांत बळावतो. पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात आणि खालच्या बाजूस बारीक जाळी दिसते. दुसऱ्या जातीचा पिवळसर कोळी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याने ग्रासलेली नवी पाने अरुंद, जाड, ठिसूळ होऊन उपड्या होडीसारखी वाकतात. मिरचीच्या वाफ्यातील चुरडामुरडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल. मिरचीवरही हाच कोळी असतो.

तथापि जास्वंदीचा खरा वैरी म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि त्यातही गुलाबी पिठ्या ढेकूण. शेंड्याची पाने चुरगळून एकमेकांत गुंतलेला घट्ट झुपका तयार होणे, पेरांमधील अंतर खुंटणे, आणि त्या झुपक्यात कापसासारखे पांढरे पुंजके असणे, ही त्याची अचूक लक्षणे. रस शोषताना ही कीड आपल्या लाळेतून विषारी द्रव्य झाडात सोडते, त्यामुळे थोड्याशा किडींनीही शेंडा पार वेडावाकडा होतो. शास्त्रज्ञ ग्रीन यांनी या किडीचे वर्णन १९०८ साली भारतातील नमुन्यांवरून केले. आपल्याकडे ती जुनीच, आणि तिचे शत्रूही जुने. परंतु १९९४ साली ती कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर आढळली. तेथे तिला आळा घालणारे कोणीच नव्हते; बेटावरील जास्वंदीची कुंपणे झपाट्याने उद्ध्वस्त झाली, अन्य झाडांनाही झळ पोहोचली. परोपजीवी गांधीलमाशी आणि भक्षक भुंगेरे बाहेरून आणून सोडल्यानंतरच ती आटोक्यात आली.

त्या भुंगेऱ्यांपैकी एक, क्रिप्टोलिमस नावाचा, मूळचा ऑस्ट्रेलियातील. कॉफीवरील खवले किडीच्या नाशासाठी तो १८९८ साली भारतात आणला गेला आणि पिठ्या ढेकणाचा कर्दनकाळ म्हणून आज तो अधिक उपयोगी ठरला आहे. त्याच्याविषयी येथे मुद्दाम लिहावयाचे कारण असे की, त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. अंगावर तसेच पांढरे मेणचट धागे असतात, आणि अजाणतेपणी लोक तिलाच आधी चिरडतात. फरक ओळखणे कठीण नाही. पिठ्या ढेकूण जेमतेम तीन मिलिमीटर लांब आणि जवळजवळ निश्चल असतो. ही अळी त्याच्या तीन-चार पट वाढते, तिच्या अंगावरील धागे लांब असतात आणि स्पर्श करताच ती चालू लागते. झुपक्यात अशा अळ्या दिसल्या तर फवारणी पंधरा दिवस पुढे ढकलावी. काम तिचे तिला करू द्यावे.

उपायांचा क्रम

कीड कोणतीही असो, आरंभ एकच. कुंडी इतर झाडांपासून दूर न्यावी. फार वेडेवाकडे झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. ते खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. नंतर नळाच्या जोरदार धारेने पाने खालून धुवावीत. मावा, कोळी व तुडतुड्यांची पिल्ले यांपैकी पुष्कळ भाग एवढ्यानेच धुऊन जातो. लाल कोळ्यावर तर तीन-चार दिवसांआड धारेने धुणे हा स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे, कारण त्याला ओलावा मानवत नाही. पिठ्या ढेकणाचे थोडेच पुंजके असतील तर स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढावेत.

एवढ्याने न भागल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व ते मिसळण्यापुरता दोन मिलिलिटर मऊ द्रवरूप साबण घालून, चांगले ढवळून, सायंकाळी फवारावे. कपडे धुण्याची पूड वापरू नये. तिने पाने भाजतात. प्रथम दोन-तीन पानांवर फवारून दुसऱ्या दिवशी ती करपली नाहीत याची खात्री करावी. फवारा पानांच्या खालच्या बाजूस बसला पाहिजे. किडी खाली आणि फवारा वर, अशी स्थिती असेल तर तेल व श्रम दोन्ही वाया जातात. दर सात दिवसांनी अशा तीन फवारण्या कराव्यात. एका फवारणीने अंडी मरत नाहीत. कोळ्याचा उपद्रव हटत नसेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात वापरता येते. मात्र निंबोळी तेल व गंधक यांच्या फवारण्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे, आणि कडक उन्हाच्या दिवसांत गंधक टाळावे.

तीव्र कीटकनाशकांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. घरोघरच्या फडताळांत जुन्या बाटल्या पडून असतात. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. डायक्लोरव्हॉसचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. अशा बाटल्यांतील औषध सज्जातील झाडावर मारणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ते घरातील लहान मुलांच्या श्वासाच्या वाटेवर मारण्यासारखे आहे. झाडाच्या रसात भिनणारी अन्य औषधे आज बाजारात मिळतात. परंतु जास्वंदीची फुले हाताळली जातात, देवाला वाहिली जातात, तेलात व काढ्यात घातली जातात, आणि फुलांतील मधासाठी शिंजीर पक्षी रोज सज्जात येतो. या झाडावर भिनणारे औषध वापरू नये, हेच योग्य.

तणनाशकामुळे होणारी विकृती पुष्कळदा विषाणूची समजली जाते. भातशेतीत किंवा हिरवळीवर वापरलेल्या २,४-डी या तणनाशकाचा सूक्ष्म फवारा वाऱ्याबरोबर आला, किंवा त्याच पंपात पुढे निंबोळी तेल भरले, तरी जास्वंदीची नवी पाने पिळवटतात व अरुंद होतात. कापूस, भेंडी आणि जास्वंद हे एकाच कुळातील. या कुळाला हे औषध विशेष जाचते. अशा झाडाला फक्त पाणी द्यावे आणि वाट पाहावी. सौम्य बाधा असेल तर पुढची पालवी सरळ येते. तणनाशकाचा पंप मात्र अन्य कोणत्याही कामासाठी वापरू नये.

उपाय लागू पडला की नाही, हे ठरविताना नेहमी एक घोटाळा होतो. एकदा विकृत झालेले पान पुन्हा सरळ होत नाही. तहानेने मिटलेली पाने तेवढी याला अपवाद. तेव्हा जुन्या पानांकडे पाहून औषध बदलत राहणे व्यर्थ आहे. तीन-चार आठवड्यांत फुटणारी नवी पालवी सपाट व तजेलदार आली तर निदान बरोबर होते असे समजावे.

बरे न होणारे झाड

किडी नाहीत, पाणी योग्य, तरीही पाने वर वळतात. खालच्या बाजूच्या शिरा जाड व गडद झालेल्या असतात, काही शिरांवर चिमुकल्या पानांसारखी वाढ आलेली असते आणि झाड हलविताच पांढऱ्या माश्यांचा लहानसा थवा उडतो. हे विषाणूचे लक्षण. कापसावरील पर्णगुच्छ रोगाशी संबंधित विषाणू भारतात जास्वंदीवरही आढळले आहेत आणि त्यांचा प्रसार पांढरी माशी करते. याला औषध नाही. फवारणीने माशी कमी होते, पण झाडात शिरलेला विषाणू तेथेच राहतो. अशा झाडाची छाट कलमे शेजाऱ्यांना देणे म्हणजे रोग वाटणे होय. आणि दुर्दैवाने जास्वंद बहुधा छाट कलमांनीच घरोघर पसरते. झाड वाडवडिलांच्या हातचे असेल तर ते उपटणे जिवावर येते, यात नवल नाही. तरीही पावसाळ्यात परसात सात शिरांची भेंडी लावणाऱ्या घराने हा मोह आवरावा. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी या साऱ्यांना जास्वंद व भेंडी सारखीच प्रिय आहेत. भेंडीचा हंगाम सरला तरी बारमाही जास्वंद त्यांना आसरा देते.

चतुर्थीला फुले हवी असतील तर हे सर्व काम श्रावणात आरंभून उपयोग नाही. जास्वंद नव्या फुटीवर फुलते आणि छाटणीनंतर कळ्या लागण्यास साधारणतः दोन ते तीन महिने जातात. म्हणून तपासणी व छाटणी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींपूर्वी उरकावी. श्रावणात कीड दिसलीच तर केवळ बाधित शेंडे खुडावेत, धारेने झाड धुवावे आणि उरलेल्या फांद्यांना हात लावू नये.

निदान घरी न जमल्यास तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवावा. त्यासाठी सकाळी एक वळलेला शेंडा व त्याच झाडाची दोन जुनी पाने कापून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजून सडतात आणि किडी ओळखण्यापलीकडे जातात. सोबत एका चिठ्ठीवर कुंडीचा आकार, पाणी व खत शेवटचे कधी दिले, आणि आजवर काय काय फवारले, ते प्रामाणिकपणे लिहावे.